कंट्रोलरचा आवाज

“दादा, येशूची गाडी कुठल्या फलाटाला लागती?”

हनुमान कंडक्टरने गाडीची नोंद करून घेण्यासाठी कागद खिडकीतून आत सरकवला आणि हे विचारले. चेहऱ्यावर हसू होते, पण कुजके नव्हते. जालिंदरने आधी माईकचे बटण बंद आहे ना ते पाहिले. मग वेळ टाकली, सही केली आणि कागद परत देत म्हणाला, “काय म्हणायलास बे?”

“म्या कशाला म्हनू? आमची सासू म्हनली. काल फोनमदी कायतरी ऐकत बसलती. मला म्हनली, जावईबापू, ह्यो तर तुमचा धारूरचा कंट्रोलर बोलायलाय. मी म्हनलं, कायबी काय. ऐकून बघतो तर तुमीच.”

“आवाजासारखा आवाज असतोय.”

“असतोय की. पर ‘श्रोत्यांनी इकडे लक्ष द्यावे’ असं तुमच्याबिगर कोन म्हनतंय, दादा?”

जालिंदर पुढचा कागद ओढून त्यावर वेळ टाकू लागला. हनुमानही जास्त ताणणारा माणूस नव्हता. “चहा घेता का?” म्हणाला, आणि स्वतःच आठवून हसला, “हां, तुमी सोडला न्हाई का. आता कळलं कावून सोडला ते.” एवढे बोलून तो गाडीकडे गेला.

आता याला काय म्हणावे? धारूरच्या बसस्थानकावर जालिंदर इतकी वर्षे कंट्रोलर आहे की तालुक्यात त्याचा चेहरा न पाहिलेली माणसे सापडतील, पण त्याचा आवाज न ऐकलेला माणूस सापडणार नाही. माजलगावच्या बाजाराला निघालेल्या बाया, अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे, घाट उतरून माहेरी निघालेल्या पोरी, सगळ्यांनी त्याच्या आवाजावर पिशव्या उचललेल्या आहेत. ‘घाटनांदूर’ म्हणताना तो ‘दू’वर जरा रेंगाळतो, ती लकब तर शाळेतली पोरे एकमेकांना करून दाखवतात. आणि या माणसाने येशूचे व्हिडिओ करताना काय काळजी घेतली, तर स्वतःचा चेहरा दाखवला नाही. चेहऱ्याच्या जागी किल्ल्यामागून उगवणाऱ्या सूर्याचा फोटो लावला, खाली ‘पुन्हा भेट’ असे नाव दिले, आणि आता आपल्याला कोण ओळखतो, अशा समाधानात राहिला. जगात बुद्धिमान माणसे अशा चुका करीत नाहीत. भोळी माणसेच करतात, आणि जालिंदर भोळा होता.

हनुमानची गाडी गेली तरी तो माईककडे बघत बसला. केजची गाडी लागलेली होती. तिची घोषणा करायला तो विसरला. स्टँडमागच्या वस्तीत, भीमनगरात, खाटेवर बसलेल्या एका म्हातारीला ते लगेच कळले असणार, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने घाईने बटण दाबले.

ती म्हातारी म्हणजे त्याची आई, भामाबाई. घर स्टँडच्या भिंतीला लागूनच होते आणि स्पीकरचे तोंड नेमके त्यांच्या अंगणाकडे. भामाबाईंना आता दिसायचे कमी झाले होते, पण कान शाबूत होते. सकाळी बाज अंगणात टाकून त्या बसत आणि लेकाची ड्यूटी संपेपर्यंत त्याचा आवाज ऐकत. आवाज बसला की सून वत्सलाला म्हणत, “त्याला सर्दी झाली, काढा कर.” दुपारी दुसऱ्या कंट्रोलरचा आवाज आला की म्हणत, “भाकर टाक, सुटला त्यो.” गाड्यांशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. केजची गाडी लागली काय नि गेली काय, त्या कुठेच जाणार नव्हत्या.

साऱ्या तालुक्याला कळले तरी जालिंदरला चालले असते. आईला कळायला नको होते, निदान असे कळायला नको होते. आज घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचे, असे त्याने ठरवले. हे त्याने याआधीही पुष्कळदा ठरवलेले होते.

सांगायचे तरी काय, तर तेही सोपे नव्हते.

त्याची एकुलती एक मुलगी चैताली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. अंबाजोगाईला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. हसतमुख, बापासारखीच मोठ्या आवाजाची पोर. दवाखान्यातून घरी आणू दिली नाही. गुंडाळलेले काहीतरी लांबून दाखवले आणि हीच म्हणाले. जालिंदरने हात जोडले आणि परत आला. घरी आल्यावर त्याला सारखे वाटत राहिले की दाखवली ती चैताली नव्हतीच.

तिच्या मागे पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातले भिक्षू, भंतेजी आले. सगळे अनित्य आहे, म्हणाले. जालिंदरला ते पाठ होते. विहारात दर रविवारी, दर पौर्णिमेला वंदना तोच घ्यायचा. लोकांच्या घरी दुःखाच्या वेळी तोच माईकवर त्रिसरण-पंचशील म्हणायचा, कारण त्याच्याइतका स्वच्छ आवाज भीमनगरात कुणाचा नव्हता. भंतेजी खोटे बोलतात, असे त्याला कधीही वाटले नाही. फक्त जे खरे होते ते त्याला पुरत नव्हते. त्याला पोरगी पाहिजे होती.

मग एकदा दुपारी, फलाट रिकामा असताना, फोनवर एक चित्र आले. हिरवळीवर बसलेले एक कुटुंब, आणि खाली हिंदीत लिहिलेले, की कुटुंबे कायमची एकत्र राहू शकतात. त्याने ते दाबले. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर दोन पोरे आली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. एक काकिनाड्याचा, एक बंगळुरूचा. स्वतःला एल्डर म्हणवत होती, म्हणजे वडीलधारे, आणि मिसरूड फुटून फार दिवस झालेले नव्हते. त्यांची हिंदी मोडकी, याची हिंदी निजामाच्या वळणाची. पण त्या पोरांनी धर्माचे काही सांगायच्या आधी एक गोष्ट विचारली. म्हणाली, “ब्रदर, बेटी का फोटो दिखाइए ना.”

वर्षभरात चैतालीचा फोटो बघायला कुणी मागितला नव्हता. उलट, दिसला की लोक नजर वळवत. जालिंदरने फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आणि कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसून रडला. समोरच्या दोन पोरांनी फोन बंद केला नाही. पुढचे सगळे त्यातूनच झाले.

लोक त्या पंथाला मॉर्मन म्हणतात. ते स्वतः जे लांबलचक नाव सांगतात ते एका दमात म्हणायला कंट्रोलरचाच घसा पाहिजे. त्यांच्यात चहा चालत नाही, कॉफी चालत नाही. दर रविवारी सभा, ती याने फोनवर ऐकायची. प्रसादाला पावाऐवजी भाकरीचा तुकडा चालेल का, असे त्याने संकोचत विचारले तेव्हा ते म्हणाले, चालेल की. त्यांच्यात मेलेली माणसे संपत नाहीत. आईबाप आणि लेकरे एकमेकांना बांधली जातात, मरणापलीकडेही. जालिंदरने ते इतक्यांदा विचारून घेतले की काकिनाड्याच्या पोराला मराठीतले ‘पुन्हा भेट’ हे शब्द पाठ झाले. शेवटी पुण्याला जाऊन, पांढरे कपडे घालून, तो बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडून निघाला. घरी सांगितले, दोस्ताच्या पोराचे लग्न आहे.

वत्सलाला मात्र खरे सांगितले होते. ती अंगणवाडीत जाते, दिवसभर लेकरांत असते, संध्याकाळी गप्प असते. तिने सगळे ऐकून घेतले. आदळआपट केली नाही. म्हणाली, “तुमी काय करायचं ते करा. तुमाला बरं वाटत आसंल तर करा. पर मला ते पोरगी भेटनार म्हनून नका सांगू.”

“कावून?”

“मला खरं वाटायला लागतं.” आणि ती चुलीवरचे दूध बघायला उठली. जालिंदरने पुन्हा तिच्यापाशी विषय काढला नाही. सकाळी त्याच्या पेल्यात ती न विचारता दूध घालायची, तेवढाच त्यांचा त्या बाबतीतला संवाद होता.

व्हिडिओची कल्पना एल्डरांची. तुमच्या भाषेत आमच्याकडे सांगणारे फार थोडे, म्हणाले, आणि तुमचा आवाज चांगला आहे. जालिंदर दुपारच्या शांततेत पार्सलच्या खोलीत, पोत्यांच्या मधे उभा राहून बोलायचा. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही. ऐकणारे बोटावर मोजण्याइतके, त्यातले निम्मे शिव्या लिहिणारे. पण घाटनांदूरच्या एक कडूबाई होत्या. नवरा गेलेला, लिहिता येत नव्हते म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. “भाऊ, आमचं मानूस तापट व्हतं. पुन्ना भेटलं तर तितंबी भांडंल का वो?” जालिंदरने एल्डरांना विचारून उत्तर दिले, की तिथे माणूस निवळतो. कडूबाईंनी उलट पाठवले, “लई निवळाया नको. वळखू आलं पायजे.” तो संदेश जालिंदरने कितीतरी वेळा ऐकला. आपल्या बोलण्याचा कुणालातरी उपयोग आहे, असे त्याला तेव्हा वाटले, आणि तो सुखावला होता.

त्याच कडूबाईंनी एकदा साधेपणाने विचारले होते, “तुमच्या घरी कोन कोन मानतंय, भाऊ?” त्याचे उत्तर त्याने अजून पाठवलेले नव्हते.

ड्यूटी संपली. जालिंदर भिंतीला वळसा घालून घराकडे निघाला. काय बोलायचे ते त्याने मनात जुळवले होते. अंगणात पोचला तर आईच्या बाजेजवळ खुर्ची टाकून सुंदरराव बसलेले होते, आणि त्यांच्या हातातल्या फोनमधून जालिंदरचाच आवाज येत होता.

“...म्हणून मी म्हणतो, जे गेले ते गेले नाहीत. त्यांनाही तिथे घेता येतं, त्यांच्या नावानं...”

सुंदरराव विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. जालिंदरला दिसल्याबरोबर त्यांनी फोन बंद करायला बोट फिरवले, पण ते नेमके बंद कुठे करायचे ते त्यांना सापडेना. आवाज आणखी थोडा चालत राहिला. “येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन,” म्हणूनच थांबला.

“जयभीम,” सुंदरराव उठून उभे राहिले. ते खरोखर ओशाळले होते. “मला वाटलं घरी माहीत आसंल. मी तुझ्याशीच बोलायला आलतो. भामाबाई म्हनल्या, काय ऐकायलेत ते मोठ्यानं लावा. मी लावलं.”

जालिंदरने आईकडे पाहिले. भामाबाई मांडीवर हात ठेवून समोर बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरे झाले असते.

“बस, जालिंदर,” सुंदरराव म्हणाले. “मी भांडायला आलेलो न्हाई. कुनी कुठला धर्म मानावा ह्यो ज्याचा त्याचा हक्क हाय, घटनेनं दिलेला. आपन हक्क मागनारी मानसं, दुसऱ्याचा कसा काढून घ्यायचा? मी समितीत बी हेच बोललो. पर पोरं तापलीत. म्हनतेत, सुरुवातीला जयभीम आन शेवटी आमेन, ह्याचं काय समजायचं?”

“दोन्ही मनापासून म्हनलं, सर.”

“मला ते कळतंय. त्यांना कळाया येळ लागंल.” सुंदररावांनी चष्मा काढून पुसला. “आता बुद्ध पौर्णिमा आलीय. वंदना...”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. जालिंदर उठला आणि घरात गेला. विहाराचे छत गळते म्हणून ॲम्प्लिफायर आणि माईक त्याच्याच घरी, चैतालीच्या पलंगाखाली ठेवलेले असत. त्याने ते बाहेर आणले. वायर सरळ करून गुंडाळली. माईकवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

“मी मागाया न्हाई आलतो रे,” सुंदरराव म्हणाले.

“मीच देतो, सर. याचं बटन जरा ढिलं हाय. दाबून धरावं लागतंय, न्हाईतर मधीच आवाज जातो. जो घेनार आसंल त्याला सांगा.”

सुंदररावांनी ते सामान दोन्ही हातांनी घेतले. जाताना त्यांनी भामाबाईंच्या पायाशी वाकून जयभीम केला, जो ते एरवी उभ्यानेच करीत.

ते गेल्यावर जालिंदर बाजेच्या पायथ्याशी उभा राहिला. “माय,” म्हणाला. भामाबाईंनी वत्सलाला हाक मारली, “भाकर वाढ त्याला,” आणि उठून, भिंत चाचपत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी जालिंदर सकाळच्या ड्यूटीला गेला. तेलगावची गाडी सांगितली, आडसची सांगितली. आवाज नेहमीसारखा होता, निदान त्याला तसे वाटले. मधल्या वेळेत वत्सला डबा घेऊन आली. डबा खिडकीत ठेवून ती घुटमळली.

“आत्याबाईनं बाज मागं नेली,” ती म्हणाली.

“मागं कुठं?”

“न्हानीपाशी. परसात. मी म्हनलं तितं ऊन येतंय, वास येतोय. ऐकत न्हाईत.”

परसात स्पीकरचा आवाज जात नाही. मधे घर येते, मधे पाण्याची टाकी येते. जालिंदरने डबा उघडला, झाकण परत लावले. त्या क्षणापर्यंत त्याला वाटत होते की आई काही दिवस बोलणार नाही आणि मग सगळे ठीक होईल. आता त्याला भीती वाटली. आईने बोलणे सोडणे वेगळे आणि आईने ऐकणे सोडणे वेगळे. पुढच्या गाडीची घोषणा त्याने केली ती नुसती वाचली.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. स्टँडवर माणसे खिडकीपाशी येऊन उगीच डोकावत. चहावाल्याने एकदा विचारले, “कंट्रोलरसाहेब, तुमाला तिकडून पैसे मिळतेत म्हनं?” जालिंदरने ‘न्हाई’ म्हणून मान हलवली. भीमनगरातल्या पोरांनी जयभीम घालायचे बंद केले नाही, पण आधीसारखे थांबून बोलत नव्हती. हे सगळे त्याला सहन होत होते. घोषणा झाल्यावर भिंतीपलीकडच्या रिकाम्या अंगणाकडे कान जायचे, ते सहन होत नव्हते. रविवारी सभेत एल्डरांनी विचारले, नवा व्हिडिओ कधी? तो म्हणाला, घसा बसलाय. घसा चांगला होता.

कडूबाईंना त्याने अखेर उत्तर पाठवले. “बाई, माझ्या घरी कुनी मानत न्हाई. माझ्या मायला तर मी सांगितलंबी न्हवतं.” मग कडूबाईंचा आवाज आला, “आगोदर मायला सांगायचं आसतंय, भाऊ. आमाला काय, आमी परकी मानसं.”

बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी भामाबाई पांढरे लुगडे नेसून दारात उभ्या राहिल्या. दरवर्षी त्यांना विहारात जालिंदर नेत असे. वत्सला पुढे झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “तू हो म्होरं. लेकरांचं गानं बसवलंय न्हवं तू? ह्यो नेईल मला.”

इतक्या दिवसांत त्याच्याबद्दल काढलेले हे पहिले वाक्य. जालिंदरने चपला घातल्या आणि हात पुढे केला.

त्या हळू चालत. वस्ती सजलेली होती, पंचशील ध्वजाच्या पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. विहाराच्या अलीकडे पिंपळाचा पार आहे, तिथे भामाबाई थांबल्या. “बसू दे,” म्हणाल्या. बसल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसले.

“माझी आजी व्हती,” त्या म्हणाल्या. “गोदामाय. तिच्याकडं देवाची टोपली व्हती. मरीआई, खंडोबाचा टाक, आनखी काय काय. ती आंगुळ केल्याबिगर कुनाला शिवू देत न्हवती. आन माझ्या बापानं दीक्षा घेतली.”

जालिंदरला ही गोष्ट माहीत होती. देव विहिरीत सोडले, ती. भीमनगरात प्रत्येकाच्या घरी अशी एक गोष्ट आहे आणि सगळेजण ती अभिमानाने सांगतात.

“तुला विहिरीचंच ठावं हाय,” भामाबाई म्हणाल्या. “आदल्या दिसाचं न्हाई. आदल्या दिशी बाप तिच्या म्होरं बसला. म्हनला, माय, उद्याच्याला मी देव विहिरीत सोडनार हाय. बाबासायबाला शब्द दिलाय. तुला आज सांगतो. ती रडली. लई रडली. छाती बडवून घेतली. बाप उठला न्हाई. तिचं रडून हुईस्तोवर म्होरं बसून ऱ्हायला. मी बारीक व्हते, दाराआडून बघत व्हते.”

“मंग?”

“मंग काय. सकाळी सोडले देव. गोदामाय मरेस्तोवर मनानं हिकडं आली न्हाई. बापाच्या हातचं जेवली, पर मनात मरीआईच. तरी तिनं कदी आसं म्हनलं न्हाई, की लेकानं पाठीमागं केलं.” भामाबाईंनी त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. “तू साऱ्या जिल्ह्याला सांगितलंस. फोनातल्या परक्या मानसांना सांगितलंस. मी भिताडाच्या आलीकडं बसलेली व्हते, जालिंदर. मला सांगाया काय झालतं?”

“भ्यालो, माय.”

“कशाला?”

“तू रडशील म्हनून.”

“रडले असते. त्यात काय. मायला रडू द्यावं लागतंय.”

जालिंदरने आईच्या लुगड्याचा पदर सारखा केला, तो सरळच होता.

“आन एक ऐक,” भामाबाई म्हणाल्या. “त्या फोनात तू म्हनलास, मेलेल्याला बी तिकडं घेता येतंय.”

“हां. त्यांच्या नावानं जित्या मानसाला पान्यात बुडवतेत. पर जबरी न्हाई. मेलेल्या मानसाला वाटलं तर घ्यायचं, न्हाईतर न्हाई म्हनायचं.”

“मेल्यावर मी कुठं कुनाला न्हाई म्हनत बसू? आत्ताच म्हनते. न्हाई. मला घेऊ नको, तुझ्या बापाला घेऊ नको. आमी जितं हाव तितं बरं हाव.”

“न्हाई घेनार.”

“शब्द?”

“शब्द.”

त्याच्या नव्या धर्मात पूर्वजांसाठी हे करणे मोठे पुण्याचे काम होते. आईवडिलांशिवाय तिकडचे ते कुटुंब त्याच्यासाठी अर्धे राहणार होते. तरीही त्याने शब्द दिला, आणि देताना त्याला वाईटही वाटले आणि हलकेही.

विहाराच्या पायरीशी भामाबाईंनी चपला काढल्या. जालिंदर थांबला. आत पोरे होती, समितीची माणसे होती. त्याला कुणी अडवले नसते. सुंदररावांनी तर लांबून हात करून बोलावलेही. पण आज आपण आत गेलो तर सगळे वंदनेऐवजी आपल्याकडे बघतील, आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर ते बरे नाही, असे त्याला वाटले. वत्सला आली आणि सासूला धरून आत घेऊन गेली.

गर्दीत चपला हरवतात. दरवर्षी हरवतात. जालिंदरने आईच्या चपला उचलून हातात घेतल्या आणि भिंतीशी उभा राहिला.

आत माईक सुरू झाला. कुणी नवा मुलगा वंदना घेत होता. घाईत होता, शब्द एकमेकांवर चढत होते. मधेच आवाज गेला. बटण दाबून धरले पाहिजे, जालिंदर मनात म्हणाला. परत आला, परत गेला. आतली माणसे मग माईकशिवायच म्हणू लागली, सगळी मिळून, बुद्धं सरणं गच्छामि. त्यात कुठेतरी आईचा आवाज असणार. तो ऐकू येतो का म्हणून जालिंदरने मान वाकडी केली. लहानपणापासून या गजरात तो पुढे होता, आज पहिल्यांदा तो बाहेरून ऐकत होता. आपण काय मिळवले आणि काय गेले, ते त्याला एकदमच कळले, आणि मिळवलेले त्याला सोडवत नव्हते, गेलेले परत येणार नव्हते.

परतताना वत्सला मागे राहिली. भामाबाई दमल्या होत्या, लेकाच्या हाताला धरून चालत होत्या. घराच्या दारात आल्यावर म्हणाल्या, “बाज म्होरं आन.”

“आं?”

“बाज. म्होरं आन आंगनात. मागं मच्छर लई हायत.”

जालिंदर परसात गेला. एकट्यानेच बाज डोक्यावर घेतली आणि घराला वळसा घालून पुढे आणली. स्पीकरच्या तोंडासमोर, जिथे जमिनीत पायांच्या चार खुणा पडलेल्या होत्या, तिथेच टाकली. भामाबाई बसल्या. हाताने शेजारची जागा थोपटली. तो खाली, त्यांच्या पायाशी बसला.

“आता सांग,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“फोनात सांगतोस ते. पोरीचं. ती भेटनार म्हनतोस ते.” मग म्हणाल्या, “मी आयकनार हाय. माननार न्हाई. पर आयकनार हाय.”

जालिंदरने घसा खाकरला. “माझ्या बंधूंनो आणि...” त्याच्या तोंडून सवयीने निघाले.

“हळू,” भामाबाई म्हणाल्या. “मी फलाटावर न्हाई. हितंच हाय.”

तो थांबला. पोत्यांच्या मधे उभे राहून बोललेले सगळे शब्द त्याला आठवत होते आणि त्यातला एकही इथे चालणार नव्हता. “माय,” तो म्हणाला, “आपली चैती...” आणि त्याचा आवाज, ज्यावर तालुका पिशव्या उचलायचा, तो इतका बारीक झाला की भिंतीपलीकडे गेला नसता.

भामाबाई वाट बघत होत्या. मधूनच पदराने पायावरचे मच्छर हाकलत होत्या. अंगणातही ते परसातल्याइतकेच होते.